पद्मिनीला करंट येत नाही? पार्ट बदलणं थांबवा, आधी टेस्ट लॅम्प लावून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांची १९७६ ची प्रीमियर पद्मिनी, नागपुरात घराच्या पोर्चमध्ये काही वर्षं उभी. नवी बॅटरी टाकली, सेल्फ दणक्यात फिरतो, पण प्लगला करंट नाही. मेकॅनिकने कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, प्लग आणि प्लगच्या वायरी असं सगळं नवीन टाकलं, तरी करंट नाही. आता तो म्हणतो, जुन्या डेलकोतला (म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) पॉइंट काढू आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू. तुम्हाला दसऱ्याला गाडीची पूजा करून ती बाहेर काढायची आहे, आणि तुम्ही विचारताय की इलेक्ट्रॉनिक बसवावं का.

त्याचं उत्तर पुढे देतो, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. बॅटरीतून निघालेला करंट नेमका कुठे अडतोय, हे अजून कोणी बघितलेलंच नाही. पाच पार्ट बदलले, पण एकदाही मोजलं नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून स्पष्ट दिसतं. नळाला पाणी येत नाही म्हणून आपण लगेच नळ बदलत नाही, आधी टाकीत पाणी आहे का ते बघतो. इथे तेवढंच करायचं आहे आणि त्यासाठी लागणारं साहित्य शंभर-दोनशे रुपयांच्या वर जात नाही.

सगळे पार्ट बदलूनही करंट नसेल तर दोनच शक्यता उरतात. एक, बिघाड न बदललेल्या जागी आहे, म्हणजे इग्निशन स्विच, त्याच्यापासून कॉइलपर्यंतची वायर, अर्थ, रोटर (डेलकोच्या शाफ्टवर फिरून करंट वाटणारा तुकडा) किंवा डेलकोची कॅप. दुसरी, मूळ बिघाड गेला पण नवीन पार्ट बसवताना नवीन बिघाड तयार झाला, किंवा नवा पार्टच खराब निघाला. माझ्याकडे येणाऱ्या 'सगळं बदललं तरी चालू होत नाही' अशा गाड्यांमध्ये दुसरी शक्यता जास्त सापडते. म्हणून पहिली विनंती ही, की जुनी कॉइल, जुना कंडेन्सर आणि जुना पॉइंट मेकॅनिककडून परत घ्या. फेकले असतील तर गोष्ट वेगळी, पण असतील तर ते तुमच्या फार कामाचे आहेत. ते कसे, ते पुढे येईल.

आता या गाडीत करंट कसा तयार होतो ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी त्याच्यावरच उभी आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन स्विचमधून कॉइलच्या एका टर्मिनलला येतात. जुन्या कॉइलवर तिथे एसडब्ल्यू लिहिलेलं असतं, नव्या कॉइलवर प्लसची खूण. कॉइलमधल्या जाड तारेच्या वेटोळ्यातून करंट दुसऱ्या टर्मिनलला निघतो, त्याच्यावर सीबी किंवा मायनस. तिथून एक बारीक वायर डेलकोत जाते आणि पॉइंटमधून अर्थ होते. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा करंट वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डेलकोच्या शाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो त्या क्षणी करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेटोळ्यांच्या दुसऱ्या वाइंडिंगमध्ये काही हजार व्होल्ट तयार होतात. तेच मधल्या जाड वायरने कॅपमध्ये, रोटरवर आणि तिथून पाळीपाळीने चार प्लगना जातात. पॉइंट उघडताना त्याच्या तोंडाशीच ठिणगी पडून सगळा जोर वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर.

म्हणजे दोन वेगळे रस्ते आहेत. बॅटरी ते पॉइंट हा १२ व्होल्टचा, आणि कॉइलचं मधलं तोंड ते प्लग हा हाय टेन्शनचा, म्हणजे हजारो व्होल्टचा. पहिल्या रस्त्यावर करंट चालू-बंद होत नसेल तर दुसऱ्यावर काहीच येणार नाही, मग तिथे कितीही महागाच्या वायरी टाका. म्हणून कामाची सुरुवात नेहमी पहिल्या रस्त्यापासून. बहुतेक लोक उलटं करतात, कारण प्लग काढून इंजिनाला टेकवून बघणं सोपं वाटतं.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत, त्याही सांगून टाकतो. मी धरून चाललोय की तुमच्या पद्मिनीत मूळची पॉइंटवालीच सिस्टिम आहे, मायनस अर्थ आहे (बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला) आणि मध्ये कोणी चोरीपासून बचावाचा छुपा स्विच बसवलेला नाही. हा छुपा स्विच गंमत म्हणून सांगत नाही. त्या काळात सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या आत असा स्विच बसवून घेणारे बरेच होते, आणि घरातल्या मागच्या पिढीलाच तो माहीत असतो. आईला किंवा काकांना एकदा विचारून बघा. हे सगळं जुन्या अँबेसेडरला आणि पेट्रोल जीपलाही लागू पडतं, फक्त पॉइंटचा गॅप आणि वायरींचे रंग बदलतात. पण कोणाकडे जुनी चेतक किंवा लॅम्ब्रेटा असेल तर तिथे फ्लायव्हील मॅग्नेटोचा मामला आहे. त्यात बॅटरीवरून कॉइलला करंट येतच नाही, तेव्हा खालची तपासणी तशीच्या तशी त्या स्कूटरला लावू नका.

आता साहित्य. एक टेस्ट लॅम्प लागेल. म्हणजे १२ व्होल्टचा साधा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला क्लिप, दुसरीला टोक. एलईडीवाला टेस्टर नको. मल्टिमीटरही या पहिल्या कामाला नको, आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे. वायरची तेरा बारीक तारांपैकी एकच तार उरली असेल किंवा स्विचच्या आत काळं धरलं असेल, तरी मल्टिमीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब करंट ओढतो, त्यामुळे कमजोर वायर लगेच उघडी पडते. बल्ब मिणमिणला की समजायचं, वाटेत काहीतरी अडलंय.

लॅम्पची क्लिप थेट बॅटरीच्या मायनस टर्मिनलला लावा, बॉडीला नको. किल्ली ऑन करा आणि टोक कॉइलच्या एसडब्ल्यू म्हणजे प्लस टर्मिनलला लावा. बल्ब हेडलाइटसारखा स्वच्छ पेटला पाहिजे. नसेल पेटत तर बाकी सगळं बाजूला ठेवा, तुमचा बिघाड कॉइलच्या आधी आहे. खात्रीसाठी बॅटरीच्या प्लसवरून एक जाड वायर तात्पुरती थेट कॉइलच्या प्लसला लावून सेल्फ मारून बघा. करंट आला तर इग्निशन स्विच किंवा त्याची वायर. पोर्चमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर आणि खारी कुरतडतात हे आपल्याकडे नवीन नाही. डॅशबोर्डखाली हात घालून कापडी टेप गुंडाळलेला जुडगा चाचपडा, कुरतडलेला भाग बोटांनाच कळतो. आणि ही तात्पुरती वायर काम झाल्यावर आठवणीने काढा. ती लावलेली असेपर्यंत किल्लीने इंजिन बंद होणार नाही आणि उभ्या गाडीत कॉइल तापत राहील.

एसडब्ल्यूवर दिवा पेटला तर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हाही तो पेटलेला राहतो का ते बघा. काही जुन्या स्विचमध्ये किल्ली स्टार्टला फिरवली की आतला इग्निशनचा कॉन्टॅक्ट सुटतो. अशा गाडीचं लक्षण मजेशीर असतं, सेल्फ मारताना गप्प आणि किल्ली सोडता सोडता एखादा ठोका.

यानंतर आपल्या सगळ्या तपासणीचा गाभा येतो. टोक आता कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला लावा, सीबी म्हणजे मायनसला. डेलकोकडे जाणारी वायर तिथे जोडलेलीच राहू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. कॅप आणि रोटर काढून ठेवा म्हणजे पॉइंट दिसेल. कॉइलच्या मधल्या जाड वायरचं टोक इंजिनाच्या ब्लॉकला पक्कं टेकवून ठेवा, आजूबाजूला पेट्रोलचा वास येत असेल तर तपासणीच करू नका. किल्ली ऑन करून इंजिन हळूहळू फिरवा. पुढून हँडल घालता येत असेल तर उत्तम, नाहीतर प्लग सैल करा म्हणजे सहज फिरेल. आता दिव्याकडे बघा. पॉइंट उघडा असताना दिवा पेटलेला आणि पॉइंट मिटला की विझलेला, असं व्हायला हवं. पेटतो-विझतो, पेटतो-विझतो. असं होत असेल तर पहिला रस्ता जवळजवळ ठीक आहे आणि तुम्ही थेट हाय टेन्शनकडे जाऊ शकता.

दिवा सतत पेटलेलाच राहतो, विझतच नाही, असं झालं तर पॉइंट मिटत नाही, किंवा मिटतोय पण त्यातून करंट जात नाही, किंवा डेलकोचा अर्थ तुटलाय. आणि दिवा कधी पेटतच नसेल, पण एसडब्ल्यूवर पेटतो, तर कॉइलचं आतलं वाइंडिंग तुटलंय किंवा डेलकोमध्ये कुठेतरी कायमचा शॉर्ट आहे. या दोघांतला फरक ओळखायला सीबी टर्मिनलवरून डेलकोची वायर सोडवा आणि टोक त्या मोकळ्या टर्मिनलला लावा. आता पेटला तर कॉइल चांगली, चोर डेलकोमध्ये आहे. तरीही नाही पेटला तर कॉइल गेली, नवीन असली तरी गेली.

तुमच्या गाडीबद्दल मला पैज लावायला सांगितली तर मी हा शेवटचा प्रकार म्हणेन: डेलकोमध्ये कायमचा शॉर्ट. कारण पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नुकतेच बदललेत. इथे जरा थांबून त्या एका जागेकडे बारकाईने बघू, कारण सगळा घोटाळा नखाएवढ्या जागेत होतो.

पॉइंटच्या सेटमध्ये एक पट्टी फिक्स असते, ती प्लेटला स्क्रूने बसते आणि अर्थ असते. दुसरी हलणारी, तिची पातळ स्प्रिंग एका खुंटीपाशी येऊन अडकते. त्याच खुंटीवर कॉइलची वायर आणि कंडेन्सरची वायर या दोघांची डोळ्याची टर्मिनल्स बसतात. ही स्प्रिंग आणि ती दोन्ही टर्मिनल्स एकमेकांना टेकलेली हवीत, पण प्लेटला आणि खुंटीच्या धातूला अजिबात टेकायला नकोत. त्यासाठी तिथे फायबरचे किंवा प्लॅस्टिकचे छोटे वॉशर आणि एक बारीक नळी असते, लाल-तपकिरी रंगाची, चण्याच्या डाळीएवढी. जुना पॉइंट काढताना त्यातला एक वॉशर ओशट हाताला चिकटून जातो किंवा खाली पडतो, आणि नवीन बसवताना क्रम चुकतो. एक टर्मिनल वॉशरच्या वर जायच्या ऐवजी खाली गेलं की कॉइलचा मायनस कायमचा अर्थ झाला. पॉइंट बाहेरून बघितला तर उघडतो, मिटतो, गॅप अगदी बरोबर असतो, आणि करंट मात्र शून्य. मग माणूस कॉइलवर संशय घेतो. कामठीकडून आलेली एक पद्मिनी दोन गॅरेज फिरून माझ्याकडे आली होती. तिची तिसरी नवीन कॉइल बसवून झाली होती आणि बिघाड हाच होता, एक वॉशर उलट्या जागी.

म्हणून किल्ली बंद करून, चांगल्या उजेडात, भिंग असेल तर भिंग घेऊन ती खुंटी बघा. टर्मिनलचं टोक वाकून डेलकोच्या भिंतीला तर टेकत नाही ना, तेही बघा. वायर डेलकोच्या बाजूच्या भोकातून आत येते तिथे रबर असतं. ते वाळून तडकलेलं असेल तर वायरचं आवरण घासून उघडी तार बॉडीला लागते, आणि ते कधी लागतं कधी सुटतं, त्यामुळे फार छळतं.

इथे सगळं ठीक असून शॉर्ट जात नसेल तर कंडेन्सरची वायर खुंटीवरून सोडवा आणि पुन्हा दिवा बघा. पेटायला लागला तर कंडेन्सर आतून शॉर्ट आहे. हो, नवीनसुद्धा. हल्ली या जुन्या गाड्यांचे कंडेन्सर आणि पॉइंट मिळतात त्यांची प्रत फार खालावली आहे. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, जुना कंडेन्सर परत घ्या. गाडी उभी करताना तो चालू होता, म्हणजे शेवटच्या दिवशी तरी पास झालेला पार्ट आहे तो. नव्याची अशी काही साक्ष नाही. जुना लावून बघायला दहा मिनिटं लागतात. डेलकोच्या आत बसवायला जागा अवघड वाटली तर त्याची बॉडी कॉइलच्या पट्टीखाली स्क्रूने दाबा आणि वायर कॉइलच्या सीबी टर्मिनलला द्या. विजेच्या हिशोबाने दोन्ही सारखंच आहे.

आता दुसरा प्रकार, दिवा सतत पेटलेला. उभ्या गाडीत हाच सर्वांत जास्त सापडतो. पॉइंटच्या तोंडावर डोळ्याला न दिसणारा थर धरतो. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून लोकांना वाटतं गंज लागणार नाही. पण पोर्चमध्येच कूलर लावलेला असतो, पाणी भरताना सांडतं, ओला वारा गाडीवरून फिरतो, आणि नंतर तीन-चार महिने पावसाळा. नवीन पॉइंटलाही थर असतो, तो वेगळा. गंजू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ हात मारून येतो आणि पुसल्याशिवाय बसवला तर करंट जात नाही. पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे बारीक कण तोंडात रुतून बसतात. जाड कागद, म्हणजे लग्नपत्रिकेचा कोरा तुकडा घ्या, पेट्रोलमध्ये बुडवून मिटलेल्या पॉइंटमधून ओढा, मग कोरडा ओढा, कागद स्वच्छ निघेपर्यंत. तोंडावर खड्डा आणि उंचवटा दिसत असेल तर पॉइंटची खास पातळ कानस मिळते, ती फिरवा आणि पुन्हा कागद.

या ठिकाणी मल्टिमीटर कामाला येतो. पॉइंट मिटलेला, किल्ली ऑन, मीटरची लाल वायर कॉइलच्या सीबीला, काळी बॅटरीच्या मायनसला. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर पॉइंट आणि अर्थ दोन्ही उत्तम. अर्धा व्होल्ट आला तर साफसफाई हवी. त्याहून जास्त आलं तर काळी वायर उचलून डेलकोच्या बॉडीला लावा. आकडा एकदम खाली आला तर पॉइंटला दोष देऊ नका, डेलको आणि इंजिन यांच्यात किंवा इंजिन आणि बॅटरी यांच्यात अर्थ खराब आहे. तुमचा सेल्फ जोरात फिरतो म्हणजे इंजिनाची जाड अर्थ पट्टी ठीक असणार, मग डेलको बसतो ती जागा आणि त्याचा क्लॅम्प साफ करा. ज्या डेलकोत पॉइंटची प्लेट हलते, त्यात प्लेटपासून बॉडीला एक मऊ विणलेली छोटी अर्थ वायर असते. वर्षानुवर्षं हलून ती आवरणाच्या आत तुटते, बाहेरून अखंड दिसते. चिमट्याने हलकेच ओढून बघा.

किल्ली ऑन करून पॉइंट मिटलेला असताना गाडी तशीच सोडून चहाला जाऊ नका. बाहेरच्या रेझिस्टरशिवायच्या १२ व्होल्टच्या कॉइलचं प्रायमरी, म्हणजे जाड तारेचं वेटोळं, साधारण ३ ओहमचं असतं, म्हणजे ४ अँपिअरच्या आसपास करंट नुसता उष्णता करत राहतो. कॉइल हाताला चटका देईल इतकी तापते. आणि नवीन कॉइल घेतलीच आहे तर तिचा ओहमही मोजा. दोन्ही बारीक टर्मिनलमध्ये दीड ओहमच्या आसपास आला तर ती बाहेरच्या रेझिस्टरवाल्या गाडीची कॉइल आहे. तुमच्या गाडीत ती करंट देईल, पण पॉइंट लवकर जाळेल आणि मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत स्वतःही जाईल. दुकानदार दोन्ही एकाच खोक्यातून काढून देतात.

पॉइंटचा गॅप या इंजिनाला ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. मोजताना पॉइंटचा कॅमला घासणारा टाचेकडचा भाग कॅमच्या अगदी शेंड्यावर हवा, बाजूला असेल तर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खोटं सांगतं. इंजिन फिरवत चारही शेंड्यांवर गॅप बघा. एकावर ०.४५ आणि दुसऱ्यावर ०.३० असं येत असेल तर डेलकोच्या शाफ्टचं बुश, म्हणजे शाफ्टला धरून ठेवणारी नळी, झिजलंय. ही माहिती जपून ठेवा, इलेक्ट्रॉनिकच्या प्रश्नाला लागेल.

इथपर्यंत काय झालं ते बघू. एसडब्ल्यूवर दिवा नाही तर स्विच आणि वायर. सीबीवर दिवा कधीच नाही तर शॉर्ट किंवा कॉइल. सतत पेटलेला तर पॉइंट किंवा अर्थ. लुकलुकतो तर पुढे चला.

लुकलुकत असेल तर कॉइलची परीक्षा घ्या. मधल्या जाड वायरचं टोक रबरी मुठीच्या पकडीने धरून ब्लॉकवरच्या स्वच्छ बोल्टपासून ६ मिलिमीटरवर ठेवा. प्लगची भोकं बंद असू द्या. पॉइंट मिटलेल्या स्थितीत, किल्ली ऑन, आणि लाकडी काडीने पॉइंट झटक्यात उघडा. आइस्क्रीमची काडी चालते. प्रत्येक वेळी निळसर, टच्च आवाजाची ठिणगी उडायला हवी. बारीक पिवळी, मरतुकडी ठिणगी आली आणि त्याच वेळी पॉइंटच्या तोंडाशी मोठी ठिणगी दिसली तर कंडेन्सर आतून तुटलाय, बदला. वायर हवेत लोंबकळत ठेवून पॉइंट उघडू नका. ठिणगीला जायला जवळ जागा मिळाली नाही की ती कॉइलच्या आतच इन्सुलेशन फोडते.

कॉइलपाशी जोरदार ठिणगी आहे, पण प्लगला नाही, असं निघालं तर उरले रोटर, कॅप आणि वायरी. तुमच्या यादीत रोटर आणि कॅप बदलल्याचा उल्लेख नाही, म्हणून हे लक्ष देऊन वाचा. रोटर जागेवर बसवा आणि कॉइलच्या वायरचं टोक रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून ५ मिलिमीटर वर धरा. पॉइंट उघडा. ठिणगी रोटरवर उडी मारत असेल तर रोटर फुटलाय. चांगल्या रोटरवर ती जाणार नाही, कारण पुढे तिला जायला रस्ताच नसतो. फुटलेल्या रोटरमधून ती बेकेलाइट पार करून थेट शाफ्टला अर्थ होते. बाहेरून असा रोटर नव्यासारखा दिसतो, खाली पालथा केला तर कधी कधी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका सापडतो.

कॅपच्या आत मधोमध कोळशाचं छोटं बटण असतं, स्प्रिंगवर. ते बोटाने दाबून बघा, आत जाऊन परत यायला हवं. झिजून गेलेलं किंवा अडकलेलं असेल तर रोटरपर्यंत करंट पोचत नाही. आतल्या भिंतीवर पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसल्या तर करंटने स्वतःचा रस्ता केलाय. ती कॅप घासून वापरू नका, बदलाच. नवीन वायरींबद्दलही एक गोष्ट. काही जुन्या कॅपमध्ये वायर आतल्या टोकदार स्क्रूने पकडतात, तो स्क्रू तांब्याच्या तारांत घुसतो. अशा कॅपला हल्लीच्या कार्बन गाभ्याच्या वायरी लावल्या तर कॉन्टॅक्टच मिळत नाही. तुमच्या कॅपची पकड कशी आहे ते बघून तांब्याच्या गाभ्याच्या वायरी घ्या.

आता इलेक्ट्रॉनिक. मी त्याच्या विरोधात नाही. तो पॉइंटचं काम करतो, तेवढंच. इग्निशन स्विच, कॉइल, अर्थ, रोटर, कॅप सगळं तेच राहतं. बिघाड त्यातल्या कशात असेल तर इलेक्ट्रॉनिक बसवूनही गाडी चालू होणार नाही, वर आणखी एक अनोळखी पार्ट वाढेल. म्हणून करंट आल्यानंतरच हा विचार करा. बुश झिजलेलं असेल, चारही शेंड्यांवर गॅप वेगवेगळा येत असेल आणि तसा बुश बसवून देणारा टर्नर मिळत नसेल, तर इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा आहे, कारण त्याला गॅपची तेवढी पर्वा नसते. बुश चांगलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पॉइंटच ठेवा. वर्धा रोडवर बुटीबोरीच्या पुढे किंवा अमरावती रोडवर कोंढाळीच्या आसपास गाडी थांबली तर पॉइंट कागदाने साफ करून घरी येता येतं. इलेक्ट्रॉनिकचा डबा बंद पडला की टोचनच.

उन्हाळ्यात गाडी थंड असताना चालू होते, अर्ध्या तासाने तापली की बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा चालू होते, अशी तक्रार बरेच जण घेऊन येतात. तुमची ती नाही, पण पुढच्या मे महिन्यात कदाचित होईल. तेव्हा आधी कॉइल आणि कंडेन्सर बघा, पेट्रोल पंप नंतर. बंद पडल्या पडल्या, थंड व्हायची वाट न बघता, काडीची तपासणी करा. तापलेल्या अवस्थेत ठिणगी गायब असेल तरच दोष पकडता येतो.

करंट आला आणि तरी इंजिन फटफट करत नसेल तर घाबरू नका. डेलको कोणी बाहेर काढला होता का ते विचारा. पुन्हा बसवताना तो अर्धा फेरा उलटा बसला तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२ आहे, आणि तो रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने मोजायचा. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. इतकी वर्षं पडलेल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो आणि ते पेट घेत नाही. आणि दसऱ्याच्या दिवशी पहिल्याच फेरीला दीक्षाभूमीकडच्या गर्दीत गाडी नेऊ नका. ब्रेकच्या सिलिंडरची रबरं इतक्या काळात कडक झालेली असतात, ती आधी बदलून घ्या. पूजा घरीच करा आणि सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारा.

संध्याकाळी लॅम्प लावून बघा आणि इथेच एवढं लिहा: एसडब्ल्यूवर दिवा कसा पेटला, सीबीवर लुकलुकला की नाही, पॉइंट मिटलेला असताना मीटरवर किती व्होल्ट आले आणि नव्या कॉइलचा ओहम किती. खुंटीपाशी पॉइंटचा जवळून काढलेला फोटोही टाका, वॉशर दिसतील असा. त्यावरून पुढचं नेमकं सांगतो.